काचेवरची कुस्ती

मी तोवर आयुष्यात एकही कुस्ती पाहिलेली नव्हती, आणि मला एका पहिलवानाचं सगळं आयुष्य काचेवर काढायचं होतं.

आम्ही कल्याणचे. माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, घरीच चित्रांचा एक दिवा बनवला होता. पत्र्याची मोठी पेटी, आत रॉकेलचा दिवा आणि पुढे भिंग. दिवा आणि भिंग यांच्यामधल्या फटीत रंगवलेली काच सरकवली की समोर ताणलेल्या ओल्या पडद्यावर पुरुषभर उंचीचं चित्र उभं राही. एकाच माणसाच्या थोड्याथोड्या फरकाने काढलेल्या काचा भराभर बदलल्या, की तो हात उचली, मान वळवी, चालू लागे. माझे यजमान पडद्यामागे बसून राजाचा, राणीचा, राक्षसाचा असे सगळे आवाज काढत. काचा रंगवायचं काम आधी मामंजी करत. त्यांचा हात कापू लागला तेव्हा त्यांनी अंगणातली माझी रांगोळी बराच वेळ निरखली, आणि दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे कुंचले आणून ठेवले.

सासूबाई म्हणाल्या, "सुनेला आता धंद्याला लावणार का?"

मामंजी म्हणाले, "माझा हात गेला, म्हणून तिचा घेतोय."

तेव्हापासून दुपारची निजानीज झाली की मी माडीवरच्या खिडकीशी काचा रंगवत बसे.

ते प्लेगचे दिवस होते. एकदा येऊन गेला होता, आणि पुन्हा येणार म्हणून सगळं गाव कान टवकारून बसलेलं. मेलेला उंदीर दिसला की गल्ली रिकामी होई. खेळ बंद होते. मध्ये थोडी उसंत मिळाली तेव्हा मामंजींनी पडदा पुन्हा ताणला, पण पहिल्यासारखी माणसं जमेनात. पुराणातल्या त्याच त्या कथा. राक्षस पडला तरी मुलं जांभया देत. मामंजी ओटीवर येरझारा घालत, मध्येच थांबत, पुन्हा चालू लागत. एक दिवस ते जेवता जेवता म्हणाले, "होऊन गेलेल्यांच्या कथा पुष्कळ झाल्या. आता चालताबोलता माणूस दाखवू."

"कोण?" यांनी विचारलं.

"आपल्या मीठवालीचा मुलगा."

मीठवाली आमच्या मागच्या दाराशी यायची. खाडीकाठच्या गावातली आगरी बाई. पिढ्यानपिढ्या मिठागरावर राबलेलं घराणं. भरतीबरोबर होडीने बंदरावर उतरायची, डोक्यावर मिठाची पाटी, आणि ब्राह्मणआळीपासून बाजारापर्यंत दारोदार फिरायची. तिचा मुलगा लहानपणापासून मिठाचे बोजे खांद्यावर वाहायचा. कल्याणातल्या तालमीच्या वस्तादांनी त्याला बंदरावर ओझं उतरवताना पाहिलं आणि तालमीत नेलं. पुढे तो असा तयार झाला की ठाण्यापासून नाशकापर्यंतच्या जत्रांत त्याच्यासमोर कुणी उभं राहीना. त्याचं नाव घराघरात होतं. मी ते इथे लिहीत नाही. त्याला स्वतःला ते मोठ्याने घेतलेलं आवडत नसे.

मग ती पलटणीची कुस्ती झाली. एका हिवाळ्यात गावाबाहेरच्या माळावर गोऱ्या पलटणीचा तळ पडला होता. साहेबांनी खेळ ठेवले आणि गावातल्या पहिलवानांनाही बोलावलं. पलटणीचा एक गडी होता, लाल केसांचा, म्हणे विलायतेहून कुस्त्या मारत आलेला. आमच्या पहिलवानाने त्याचा पट काढला, म्हणजे खाली वाकून दोन्ही पाय खेचले, आणि त्याला पाठीवर पाडला. तो गोरा उठला, हसला आणि त्याने हात पुढे केला. पण मोठ्या साहेबाने निकाल दिला की कमरेखाली धरणं त्यांच्या नियमात बसत नाही, सबब कुस्ती झालीच नाही. नियम आधी कुणी सांगितला नव्हता. बक्षिसाचं चांदीचं कडं साहेबाच्या टेबलावरच राहिलं. लोकांनी पहिलवानाला खांद्यावर घेतलं आणि बाजारपेठेतून ओरडत मिरवलं.

ते ओरडणं त्याला भोवलं. त्यानंतर पुण्यात साहेबांवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि सरकारला प्रत्येक तालमीत दारूगोळा दिसू लागला. कल्याणच्या तालमीला कुलूप लागलं. वस्ताद आपल्या गावी निघून गेले. पहिलवानाला हुकूम झाला की त्याने सकाळी आणि दिवेलागणीला चौकीवर हजेरी द्यायची, आणि परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही. त्याने काहीही केलेलं नव्हतं. त्याला लिहितावाचता येत नव्हतं, राजकारण म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण गोऱ्याला पाडलेला माणूस म्हणून त्याचं नाव चौकीत होतं, आणि तेवढं पुरे होतं. त्याच दसऱ्याला एका संस्थानात मोठा आखाडा भरायचा होता. महाराजांकडून त्याला बोलावणं आलं होतं. तो जाऊ शकला नाही.

मीठवाली दारात पाटी उतरवून बसे आणि सांगे, "बाय, यो जेवत नाय. जेवला तं बसत नाय. आगरावर मिठाच्या गोनी या टोकाशी नेतो न् परत त्या टोकाशी आनतो. कोनी सांगलं? कोनी नाय. मी बोल्लू, आरं बस की जरा. तं मना बोलतो, आये, बसलू तं आंग दुखतं."

मामंजींनी तिला विचारलं, तिच्या मुलाची कथा पडद्यावर दाखवली तर चालेल का. तिने पाटीतलं मीठ हाताने सारखं केलं. मग म्हणाली, "त्यात तो कुस्ती खेलंल?"

"खेळेल."

"मंग मना बगाचीय. मी त्याची कुस्ती कंदी बगली नाय. आमा बायांना कोन जाऊ देतं?"

तिच्या या बोलण्याने मी पाणी द्यायला पुढे झाले होते ती तिथेच थांबले. मी काढणार होते तीही न पाहिलेलीच कुस्ती होती.

पहिलवान आमच्या परसात येऊ लागला. सकाळची हजेरी आटपून येई आणि फणसाखाली उभा राही. मी माडीच्या खिडकीत, पुढ्यात कागद. सासूबाईंना हे मुळीच पसंत नव्हतं. उघड्या अंगाचा परका पुरुष आणि घरातली सून त्याच्याकडे टक लावून बघते आहे. मामंजी म्हणाले, "ती माणूस बघत नाही, रेघ बघते." सासूबाई म्हणाल्या, "रेघेला मिश्या आहेत." पण त्यांनी खिडकी बंद केली नाही. स्वयंपाकघरात भांडी मात्र आदळत राहिल्या.

त्याला एका जागी उभं राहता येत नसे. मी खांदा रेखाटत असे तोवर खांदा हललेला असे. हे खालून सांगत, "जरा स्थिर राहा." तो म्हणे, "व्हय," आणि पुन्हा पाय बदले. उभ्या उभ्या बोटं आवळी आणि सोडी. फणसाच्या बुंध्याला तळहात लावून रेटून बघे. त्याच्या पायाखालची माती काही दिवसांतच घोटून गुळगुळीत झाली. पहिले बरेच कागद मी फाडून टाकले. माझ्या चित्रातला पहिलवान देवळातल्या द्वारपालासारखा होई, ताठ आणि फुगलेला. खाली परसात होता तो माणूस तसा नव्हताच. तो सतत निघायच्या बेतात असलेला होता. मला रात्री डोळा लागला की ती न जमलेली रेघ दिसे आणि जाग येई. मग एका दुपारी मी त्याला स्थिर काढायचा नाद सोडला. तो पाय बदलताना जसा दिसला तसा काढला, अर्धा इकडे, अर्धा तिकडे. मामंजींनी कागद उजेडात धरला आणि नुसतं "हं" केलं. ते असे क्वचित म्हणत.

डावपेच काढायला दुसरा गडी हवा होता. ते काम यांच्यावर आलं. हे अंगाने किरकोळ. पहिलवान त्यांना पुन्हा पुन्हा विचारी, "धरू कं?" मग हळूच धरी आणि गवताच्या भाऱ्यावर अलगद ठेवी. मीठवाली एकदा हे बघत उभी होती. ती पदर तोंडाला लावून हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्या गोऱ्या गड्याबद्दल मात्र पहिलवान बोलायला लागला की थांबत नसे. त्याचे लाल केस, मनगटापर्यंत उतरलेली लव, छातीवर गोंदलेलं गलबत. हे सगळं तो खालून सांगे, मी वर लिहून घेई. एकदा तो खिडकीकडे न बघता म्हणाला, "बाय, त्याचा कान काडा. माज्यासारकाच मोडलेला होता." आणि आपला चुरगळलेला कान दाखवला. लहानपणापासून मातीत घासून पहिलवानांचे कान तसे होतात. "तो समोर आला तवा मी कान बगितला. बोल्लू, यो पन आपल्यातलाच."

मी तो कान तीनतीनदा पुसून पुन्हा काढला. माझ्या हातून निघालेली ती सगळ्यात चांगली काच असावी. गोरा पाठीवर पडलेला, मान एका बाजूला वळलेली, तो मोडका कान वर.

खेळाला परवानगी लागत असे. त्या दिवसांत तर फौजदार स्वतः येऊन काचा बघत. कल्याणचे फौजदार आपल्यातलेच, शिकलेले, मामंजींना मान देणारे गृहस्थ. त्यांनी चहा घेतला, पुराणातल्या काचा नुसत्या चाळल्या आणि पहिलवानाच्या एकेक करून खिडकीशी धरल्या. मिठागर, बंदर, तालीम, जत्रा. त्यांना आवडल्या हे दिसत होतं. मग तो पाठीवर पडलेला गोरा त्यांच्या हातात आला, आणि त्यांनी काच टेबलावर उपडी ठेवली.

"हे नको."

मामंजी म्हणाले, "अहो, सगळ्या गावाने पाहिलेलं आहे हे."

"गावाने पाहिलं ते पाहिलं. मी परवानगी दिली म्हणून पुन्हा पाहिलं, असं व्हायला नको. माझ्यावर कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे." थोडं थांबून ते म्हणाले, "याला पठाण करा. दाढी रंगवा, फेटा बांधा. कुस्ती राहील, कुणाचं काही जाणार नाही."

ते गेल्यावर मामंजी माडीवर आले. जिन्यात त्यांना दम लागला होता. मला म्हणाले, "कर बाई पठाण. दुसरा इलाज नाही."

मी काच पुढ्यात घेतली. कुंचला बुडवला, आणि ठेवून दिला. पुन्हा उचलला. सबंध दुपार अशी गेली. खाली जाऊन तांदूळ निवडायला बसले, तेही अर्धे टाकून पुन्हा वर आले.

दुसऱ्या दिवशी पहिलवान आला. यांनी त्याला ओटीवर बोलावून सगळं सांगितलं. मी माजघराच्या दाराआड उभी होते. तो ऐकत होता तोवर त्याचे पाय पहिल्यांदाच स्थिर होते.

"आबा," तो मामंजींना म्हणाला, "मी पठानाला पाडलंच नाय."

"ठाऊक आहे मला. पण लोक काय समजायचं ते समजतील."

"लोकांचं ऱ्हाऊ दे. तो मानूस चांगला होता. पाठ लागल्यावर उठला न् मना हात दिलान. त्याचा सायब बोल्ला कुस्ती झाली नाय. तुमी पन त्याला पुसताय. मंग मी पाडला कोनाला?"

मामंजी म्हणाले, "मग ती कुस्ती काढून टाकू?"

"काडा. खोटी नको."

"अरे, ती काढली तर उरतं काय? जत्रेतल्या कुस्त्या लोक फुकट बघतात."

हे अंगठ्याने ओटीची कड खरवडत होते. परक्या माणसासमोर मी तोवर कधी तोंड उघडलं नव्हतं. बोलायचं ठरवलंही नव्हतं. पण दाराआडून माझा आवाज मलाच ऐकू आला.

"मामंजी, पडलेला माणूस नको म्हणाले ना ते? मग नुसते हात काढले तर?"

"कसले हात?"

"दोघांचे. कुस्ती झाल्यावरचे. एक सावळा, एक लाल केसांचा. बाकी काहीच नाही."

मामंजींनी यांच्याकडे पाहिलं. मग पहिलवान म्हणाला, "कानाचं काय?"

"कान नाही येणार," मी म्हणाले.

"मंग ऱ्हाऊ दे. हात चालंल."

फौजदारांनी ती काच पाहिली. उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली. त्यांना सगळं कळलं होतं. पण त्यांनी दिलेल्या हुकमात हाताबद्दल काही नव्हतं, आणि ते तसा नवा हुकूम न देता टोपी घालून निघून गेले. त्यांचे मी अजून आभार मानते.

कल्याणात खेळ झाला तेव्हा माणसं भिंतींवर आणि झाडांवर चढून बसली होती. बायकांसाठी एका बाजूला चटया टाकल्या होत्या. सासूबाई नको नको म्हणत आल्या. मीठवाली माझ्या जवळ, पण चार हात सोडून बसली, तसा रिवाज होता. पडद्यावर तिचं आगर आलं, मिठाचे पांढरे ढीग आले, आणि ते ढीग वाहणारं पोर आलं, तेव्हा ती मान उंच करून बघू लागली. जत्रेतली पहिली कुस्ती लागली आणि काचा भराभर फिरू लागल्या. मुलाने समोरच्याला उचलून आपटला. भोवती आरडाओरड झाली. ती मात्र माझ्याकडे सरकून कुजबुजली, "बाय, त्याला लागलं असंल नाय?"

"कुणाला?"

"जो पडला त्याला."

पुढच्या प्रत्येक कुस्तीला ती जिंकणाऱ्याकडे न बघता खाली पडलेल्याकडे बघत राहिली. तो उठला की तिचा श्वास मोकळा होई.

मग यांचा आवाज पडद्यामागून आला, "पलटणीच्या मैदानात काय झालं ते तुम्ही सगळे जाणता." साथीचा तबला थांबला. पडद्यावर ते दोन हात उभे राहिले, पुरुषभर मोठे, एकमेकांत गुंतलेले. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मग कुणीतरी दुसऱ्याने, आणि मग सगळा जमाव उठून उभा राहिला. पहिलवान कडेला, शिपायाच्या शेजारी उभा होता. दिवेलागणीची हजेरी त्या दिवशी तिथेच घेतली होती. लोक त्याच्याकडे वळले तशी त्याने मान खाली घातली आणि तिथल्या तिथे पाय बदलत राहिला, जसा परसात बदलायचा.

ठाण्याचं बोलावणं लगेच आलं. टेंभी नाक्याजवळच्या पटांगणात खेळ लावायचा ठरला. पहिलवानाला तालुका सोडायची परवानगी मिळाली नाही. बायकांनीही इतक्या लांब जायचं नव्हतं. मामंजींना ताप होता. हे एकटेच पेटी घेऊन गाडीने गेले. ते दोन दिवस मी घरात कुठेही टिकले नाही. ओटीवरून परसात, परसातून माडीवर. सासूबाई म्हणाल्या, "तुला त्या पहिलवानाचं वारं लागलं."

तिसऱ्या दिवशी दुपारी हे परत आले ते हात हलवत. पेटी नव्हती. पाय धुऊन ओटीवर बसले आणि सांगितलं. पहिल्या दिवशी खेळ नीट झाला. दुसऱ्या दिवशी दुप्पट माणसं आली, आणि हात पडद्यावर येताच कुणीतरी घोषणा दिली. ती सगळ्या पटांगणाने उचलली. मग पोलीस आत शिरले. दिवा विझवला, पडदा ओढून काढला. ठाण्याचा अंमलदार वेगळा होता, त्याला मामंजी ठाऊक नव्हते. त्याने यांना विचारलं, "हे हात कुणाचे?" हे म्हणाले, "दोन पहिलवानांचे." त्याने विचारलं, "कुठल्या दोन?" यांनी उत्तर दिलं नाही. त्यांना कचेरीत बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ताकीद देऊन सोडलं. पेटी आणि काचा तिथेच राहिल्या.

मामंजी अंथरुणावरून सगळं ऐकत होते. ते फक्त म्हणाले, "भिंगाला ओरखडा पडू देऊ नये त्यांनी."

कल्याणात पहिलवानालाही चौकीवर बसवून विचारपूस झाली. खेळ कुणी सुचवला, पैसा कुणाचा, तू ठाण्यात निरोप पाठवलास का. फौजदारांनी त्याच्या बाजूने सांगितलं असं पुढे कळलं. पण त्यांची लवकरच बदली झाली, आणि नव्या फौजदाराने त्याला कल्याणची वेस ओलांडायलाही मनाई केली. आता तो आगरावरही जाऊ शकत नव्हता. बंदरावर हमाली करू लागला. होड्यांतून उतरणारे बोजे वाही, आणि बोजे संपले की नुसता धक्क्यावर इकडून तिकडे चाले. मीठवाली होडीतून उतरली की दोघं तिथेच थोडा वेळ बोलत, आणि ती पुढे आमच्याकडे येई.

पेटी बऱ्याच महिन्यांनी परत आली. भिंग धड होतं. पुराणातल्या सगळ्या काचा जागच्या जागी होत्या. पहिलवानाची एकही नव्हती. आगर नाही, तालीम नाही, हात नाहीत. मी फडकं घेऊन रिकामे खण पुसत बसले. हे म्हणाले, "जाऊ दे, पुन्हा काढशील." मामंजींनी मान हलवली. "आता नको. तो सुटेपर्यंत नको." मला वाटत होतं त्याच दुपारी बसावं आणि सगळ्या पुन्हा काढाव्यात, आधी तो कान काढावा. रंग वाळून गेले होते. प्लेग पुन्हा आला आणि आम्ही सगळे गाव सोडून शेतातल्या झोपडीत राहायला गेलो. मामंजी तिथेच वारले, प्लेगने नव्हे, छातीच्या दुखण्याने.

हुकूम जसा आला तसाच एक दिवस उठला. कारण लागतानाही कुणी नीट सांगितलं नव्हतं, उठतानाही नाही. सकाळी पहिलवान हजेरीला गेला तेव्हा शिपाई म्हणाला, "उद्यापासून येऊ नको." तो दुसऱ्या दिवशीही गेला, सवयीने. शिपाई हसला आणि त्याने त्याला परत पाठवलं.

तोवर पहिलवान तिशी ओलांडून गेला होता. तालमीला कुलूपच होतं. त्याने मिठागराच्या बांधापाशी एकट्यानेच कुस्तीचा हौदा खणला, माती भिजवली आणि गावातल्या होडीवाल्या पोरांशी झोंबू लागला. दसऱ्याला त्या संस्थानात पुन्हा आखाडा भरणार होता. या वेळी बोलावणं नव्हतं. तो आपला आपण गेला.

दिवाळीच्या आधी तो आमच्याकडे आला. मामंजी नाहीत हे त्याला ठाऊक होतं, तरी ओटीवर त्यांच्या जागेकडे बघून त्याने आधी नमस्कार केला. डोक्याला महाराजांनी बांधलेला रेशमी फेटा होता. एक डोळा सुजून मिटलेला. हे म्हणाले, "जिंकलास?"

"नाय. हरलू."

"कुणाशी?"

"एक पंजाबी पोऱ्या. माज्याहून लय लहान. उनं कलेपरेंत चालली. मंग माजं पाय गेलं न् त्यानं पाठ लावली." त्याने सुजलेल्या डोळ्याला हात लावला. "लय चांगली कुस्ती झाली."

हे काही तरी समजुतीचं बोलायला गेले. इतक्या वर्षांत सराव नाही, वय झालं, असं. पहिलवानाने मध्येच म्हटलं, "नाय नाय, मना वाईट नाय वाटलं. हरल्यावर मी मन भरून झोपलू. उठलू तवा सूर्य डोक्यावर."

मी या वेळी दाराआड नव्हते, चौकटीत उभी होते. तो ओटीच्या कडेला बसला होता, आणि बोलत होता तोवर त्याने पाय हलवले नाहीत. मी विचारलं, "तुझी आई काय म्हणाली?"

"बोल्ली, मना बगाचीच नाय ती कुस्ती. तुजं तोंड बगून बास झालं." तो हसला. "न् मंग बोल्ली, त्या पोऱ्याला तरी लागलं नाय नं?"

सासूबाई आतून आल्या. मामंजी गेल्यापासून त्या कुणाशी फारसं बोलत नसत. त्यांनी त्याच्या डोळ्याकडे पाहिलं आणि हळद उगाळून आणायला मला सांगितलं. मग म्हणाल्या, "जेवून जाशील का?"

परसात फणसाखाली पान मांडलं. भात, आमटी, वांग्याची भाजी. सासूबाईंनी वरून वाढलं, पण स्वतः वाढलं. तो पुष्कळ जेवला. पुन्हा पुन्हा भात मागताना त्याला संकोच वाटला नाही, आणि सासूबाईंनाही बरं वाटत असावं, कारण त्या भांडं घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. जेवण झाल्यावर त्याने पान उचललं, जागा सारवली आणि आभाळाकडे बघून म्हणाला, "खाडीत पानी चडाय लागलं असंल. व्होडी जायील." आणि मागच्या दाराने बंदराकडे निघून गेला.